हरवलेल्या बिटाचा हिशेब

नोव्हेंबर २०१८पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांतली जमीन थरथरू लागली, ती थांबायलाच तयार होईना. धुंदलवाडीच्या आसपासच्या पाड्यांवरची माणसं थंडीत घराबाहेर तंबूंमध्ये झोपू लागली. १ फेब्रुवारी २०१९ला तर एकाच दिवसात अनेक धक्के बसले, त्यांतल्या सर्वांत मोठ्याने चारचा आकडा ओलांडला, आणि घाबरून बाहेर पळताना पडून एक चिमुकली दगावली. पण या मालिकेतले बहुतेक धक्के इतके बारीक होते, की माणसाला ते कळूही नयेत. ते कळले यंत्रांना. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने या भागात भूकंपमापक बसवले होते.

असा मापक जमिनीची हालचाल तीन दिशांनी मोजतो, आणि तीही साधारण सेकंदाला शंभर वेळा. प्रत्येक मोजणीला चार बाइट धरले, तर एका ठाण्यावर दिवसाकाठी दहा कोटी बाइट जमतात. आकडा भारदस्त वाटतो, पण अख्खं वर्ष एका पेन ड्राइव्हवर मावेल एवढाच हा ऐवज आहे. खरी अडचण वेगळी आहे. प्रयोगशाळेतला प्रयोग फसला तर तो पुन्हा करता येतो. एखाद्या पहाटे धुंदलवाडीखाली सरकलेला खडक मात्र आपल्यासाठी पुन्हा तसाच सरकून दाखवणार नाही. ती नोंद शेवटी कुठल्यातरी सर्व्हरच्या हार्ड डिस्कवर जाते, आणि हार्ड डिस्क कधी ना कधी मरतेच.

मग अशी नोंद मरणाऱ्या वस्तूंवर टिकवायची कशी? याचं एक अफलातून उत्तर १९८८मध्ये बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एका निबंधात मांडलं. एक महागडी, दणकट डिस्क घेण्याऐवजी स्वस्तातल्या पुष्कळ डिस्क एकत्र बांधा आणि त्यांतली एखादी मरणारच हे धरून चाला. या बांधणीला त्यांनी ‘रेड’ म्हटलं. सर्व्हरमधलं स्टोरेज कंट्रोलर नावाचं कार्ड हेच काम करतं. खाली चार डिस्क असतात. वर संगणकाला ते एकच ‘व्हर्च्युअल डिस्क’ दाखवतं. विंडोज असो वा लिनक्स, पडद्यामागे चार जणी आहेत याचा त्याला पत्ताही नसतो.

आता खरी गंमत. चार डिस्कपैकी तिघींवर एकेक बिट आहे: १, ०, १. यात एक किती वेळा आला? दोनदा, म्हणजे सम. म्हणून चौथीवर ० लिहायचा. विषम असता, तर १ लिहिला असता. थोडक्यात, चौघींवर मिळून एकांची संख्या नेहमी सम राहिली पाहिजे. या जादा बिटाला पॅरिटी म्हणतात. समजा, दुसरी डिस्क मेली. उरलं काय? १, काहीतरी, १, ०. बेरीज सम ठेवायची, तर ते ‘काहीतरी’ शून्यच असणार! मेलेल्या डिस्कची नक्कल कुठेही ठेवलेली नव्हती, तरी ती परत आली. तिसरी मेली असती, तरी हेच झालं असतं. कुठली डिस्क मरेल याचा अंदाज बांधावाच लागत नाही, आणि मला याचंच सर्वांत नवल वाटतं. चार टेराबाइटच्या चार डिस्क घेतल्या, तर बारा टेराबाइट वापराला मिळतात. विम्याचा हप्ता म्हणून फक्त एक डिस्क खर्ची पडते. ‘रेड ५’ ते हेच. त्यात पॅरिटी एकाच डिस्कवर न साचवता चौघींवर फिरती ठेवतात, म्हणजे सगळा भार एकीवर येत नाही.

मात्र मेलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवून ती पुन्हा भरायला, म्हणजे रीबिल्डला, मोठ्या डिस्कवर तासच्या तास लागतात, आणि तेवढ्यात दुसरी गेली तर सगळंच गेलं. म्हणून ‘रेड ६’मध्ये दोन डिस्क गेल्या तरी चालतात. पण तीच सम-विषमाची बेरीज दोनदा लिहून भागत नाही, दुसरं समीकरण वेगळंच हवं. ते मिळतं एव्हारिस्त गाल्वाच्या बीजगणितातून. हा फ्रेंच मुलगा १८३२मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, द्वंद्वयुद्धात मेला. त्याचं गणित आज सर्व्हरच्या खोल्यांमधून मेलेल्या डिस्क उठवत असतं.

प्रत्यक्ष मांडणी करताना कंट्रोलरच्या पडद्यावर डिस्क निवडायच्या, रेडचा प्रकार ठरवायचा, डेटाचे तुकडे केवढे पाडायचे ते सांगायचं. हे पटकन उरकतं. खरा विचार लागतो ‘राइट पॉलिसी’पाशी. ‘राइट-बॅक’ निवडलं, तर डेटा नुसता कॅश मेमरीत पोचलेला असतानाच कंट्रोलर संगणकाला ‘लिहून झालं’ अशी बेधडक थाप मारतो. काम झपाट्याने होतं, पण त्याच क्षणी लाइट गेली तर? डहाणूला ५०० मेगावॅटचं औष्णिक वीजकेंद्र आहे, पण त्याची वीज मुंबईच्या उपनगरांकडे जाते. पाड्यांवर लाइट जाण्याचं कुणाला फारसं नवल नाही. म्हणून चांगल्या कंट्रोलरवर बॅटरी किंवा तत्सम सोय असते. तीच थाप निभावून नेते. बॅटरी नसेल, तर ‘राइट-थ्रू’ बरं: संथ, पण सरळमार्गी.

या सगळ्या हिशेबाखाली एक गृहीतक दडलेलं आहे: डिस्क एकेकट्या मरतात. जमीन हलली, की सगळ्या एकदम हलतात. डिस्कचं हेड फिरत्या तबकडीवरून अवघ्या काही नॅनोमीटर उंचीने तरंगतं. केसाची जाडी त्याच्या हजारो पट. सन कंपनीतल्या ब्रेंडन ग्रेगने डिस्कच्या रांगेसमोर नुसती आरोळी ठोकली आणि त्यांचा वेग अडखळल्याचं आलेखावर दाखवलं. २०१६मध्ये बुखारेस्टमधल्या एका बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी घेतली, तेव्हा बाहेर पडलेल्या वायूच्या नुसत्या आवाजाने डिस्क बिघडल्या. भूकंपापुढे पॅरिटी दुबळी ठरते ती इथे. तिला बॅकअप समजणाऱ्याची तर फारच फजिती होते: चुकून पुसलेली फाइल रेड चारही डिस्कवरून इमानदारीने पुसून टाकतं. त्यामुळे डहाणूच्या नोंदींची एक प्रत दुसऱ्या, दूरच्या गावात हवीच.

आणि कंट्रोलरच मेला तर? सगळा हिशेब तोच ठेवत होता ना! पण बहुतेक कंट्रोलर व्हर्च्युअल डिस्कची रचना प्रत्येक डिस्कवरही लिहून ठेवतात. त्या डिस्क काढा, त्याच घराण्यातल्या दुसऱ्या कंट्रोलरला जोडा, क्रम उलटापालटा झाला तरी बहुधा बिघडत नाही. नवा कंट्रोलर ‘फॉरिन कॉन्फिगरेशन’ सापडल्याचं सांगतो आणि इम्पोर्ट करू का, असं विचारतो. घाईघाईत ‘क्लिअर’ मात्र दाबू नये.