एक मंडळी, अनेक देश (लेखांक ५) : बार्मेन ते स्टुटगार्ट

ख्रिस्तामध्ये यहूदी आणि हेल्लेणी हा भेद उरत नाही, असे संत पौलाने गलतीकरांना बजावले, हे मागच्या लेखांकात आपण पाहिले. रविवारच्या उपासनेत हे वचन वाचायला सोपे असते. राष्ट्र अंगात आले, की मात्र त्याची खरी परीक्षा होते. जर्मनीतील मंडळ्यांची ती परीक्षा १९३३ साली सुरू झाली.

जानेवारीत हिटलर चॅन्सेलर झाला. जुलैत प्रोटेस्टंट चर्चच्या अंतर्गत निवडणुका झाल्या आणि ‘जर्मन ख्रिस्ती’ या नाझीधार्जिण्या गटाने त्या जिंकल्या. सप्टेंबरमध्ये प्रशियाच्या चर्चने ‘आर्य कलम’ स्वीकारले. ज्यू वंशाच्या माणसाचा बाप्तिस्मा झालेला असला, तरी त्याला पाळक म्हणून राहता येणार नव्हते. बाप्तिस्म्यापेक्षा रक्त मोठे ठरले.

याविरुद्ध पाळकांची संघटना उभी केली ती मार्टिन नीमोलर यांनी. हे गृहस्थ पहिल्या महायुद्धातले पाणबुडी अधिकारी, कडवे राष्ट्रवादी आणि एकेकाळी नाझींना मत दिलेले. राज्यसत्ता थेट मंडळीत शिरली, तेव्हा त्यांचे डोळे उघडले.

२९ ते ३१ मे १९३४ या काळात बार्मेन शहरात लुथरन, रिफॉर्म्ड आणि संयुक्त अशा तिन्ही परंपरांचे प्रतिनिधी एकत्र आले. धर्मसुधारणेपासून प्रभुभोजनाच्या अर्थावरून भांडत आलेल्या या मंडळ्या. त्यांनी मिळून सहा कलमांचा जाहीरनामा काढला. त्याचा मुख्य लेखक होता कार्ल बार्थ, म्हणजे एक स्विस ईश्वरशास्त्रज्ञ. जर्मन चर्चचा कणा ताठ ठेवणारे शब्द एका परदेशी माणसाच्या लेखणीतून आले.

पहिल्या कलमाचा आशय असा : मंडळीने ऐकायचे ते येशू ख्रिस्ताचे, दुसरी कोणतीही घटना, सत्ता किंवा व्यक्ती तिच्या संदेशाचा उगम होऊ शकत नाही. पाचवे कलम राज्यसत्ता नाकारत नाही. न्याय आणि शांतता राखणे हे तिचे देवदत्त काम आहे, असेच ते सांगते. पण राज्याने माणसाच्या सगळ्या आयुष्याचा ताबा घेऊ नये आणि मंडळीने राज्याचे खाते बनू नये, ही सीमा ते आखते.

या जाहीरनाम्यात एक मोठी उणीव होती. छळ सोसणाऱ्या ज्यू समाजाबद्दल त्यात चकार शब्द नाही. पुढे बार्थ यांनी स्वतःच हा आपला दोष मानला. मंडळीने स्वतःचे स्वातंत्र्य राखले, शेजाऱ्याच्या जिवासाठी मात्र ती एकमुखाने उभी राहिली नाही.

बार्थ यांना १९३५ मध्ये जर्मनी सोडावी लागली. नीमोलर १९३७ पासून युद्ध संपेपर्यंत कैदेत होते. तरुण पाळक डीट्रिच बॉनहोफर हिटलरविरोधी कटात सामील झाले आणि मे १९४२ मध्ये, भर युद्धात, स्वीडनमधील सिग्टुना येथे इंग्लंडच्या बिशप जॉर्ज बेल यांना गुप्तपणे भेटले. बेल यांनीही किंमत मोजली. फेब्रुवारी १९४४ मध्ये लॉर्ड्सच्या सभागृहात त्यांनी जर्मन शहरांवरील सरसकट बॉम्बफेकीचा निषेध केला आणि स्वदेशात रोष ओढवून घेतला. ९ एप्रिल १९४५ रोजी बॉनहोफर यांना फाशी झाली. जुलैत लंडनमध्ये बेल यांनी त्यांच्यासाठी स्मरण-उपासना घेतली. ती बीबीसीवरून प्रक्षेपित झाली आणि बॉनहोफर यांच्या आईवडिलांनी बर्लिनमध्ये ऐकली.

ऑक्टोबर १९४५ मध्ये स्टुटगार्ट येथे जर्मन चर्चच्या नेत्यांनी नेदरलँड्स, फ्रान्स, इंग्लंड आदी देशांतून आलेल्या बांधवांपुढे आपल्या अपराधाची कबुली दिली. अनेक जर्मनांना तो राष्ट्राचा अपमान वाटला. पण त्या कबुलीमुळे तुटलेले नाते पुन्हा जुळू लागले आणि १९४८ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅम येथे जागतिक चर्च परिषद स्थापन झाली, तेव्हा जर्मन मंडळ्या तिच्यात होत्या.

राष्ट्रापलीकडचे ऐक्य म्हणजे राजकारणाबद्दल मौन, असा समज आपल्याकडेही आढळतो. हा इतिहास तो खोडून काढतो. बॉनहोफर जर्मन राहिले, बेल इंग्रज राहिले. आपापल्या सरकारला ‘नाही’ म्हणण्याचे बळ दोघांना एकाच श्रद्धेने दिले. ज्या ऐक्यात हे ‘नाही’ बसत नाही, ते ऐक्य सत्तेच्या सोयीचे असते.

पुढील लेखांकात : २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्च एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी कशी घडली.