पोरगा फौजेत जातो म्हणाला तर?

वसई तालुक्यातले जूचंद्र हे गाव रांगोळीसाठी नावाजलेले. भातशेती आणि खाडीकडची मिठागरे यांवर इथल्या पिढ्या जगल्या. आता इमारती बांधाला भिडल्या आहेत. नुसत्या शेतीवर घर चालत नाही आणि चांगली नोकरी शिक्षणाशिवाय मिळत नाही. अशा घरातला दहावी झालेला मुलगा उद्या म्हणाला, "मी फौजेत जातो," तर तुम्ही काय सांगाल?

फौज आणि शिक्षण यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. ज्यांना गावच्या शाळेची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांना इंग्रजांच्या पलटणीत अक्षरओळख झाली. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्या घरातून केवढा विद्वान निघाला, हे आपण जाणतोच. पुढे १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त सैनिकाने त्याविरुद्ध अर्ज लिहिला. दुखणे केवळ पगाराचे नव्हते. मानाचे आणि शिक्षणाचे दारच बंद झाले होते. १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा ते दार पुन्हा रीतसर उघडले.

तेव्हा फौजेत गेल्यावर शिक्षण मिळे. आज उलट आहे. तुमचे शिक्षण किती, यावर फौजेचे कोणते दार उघडणार ते ठरते.

पहिले दार अग्निवीराचे. ही योजना २०२२ साली आली. साध्या शिपाईपदासाठी दहावीला एकूण ४५ टक्के गुण लागतात. आधी लेखी परीक्षा, मग धावणे. नोकरी चार वर्षांची. त्यानंतर फार तर चौघांतला एक कायम होतो. बाकीच्यांना व्याजासह सुमारे पावणेबारा लाख रुपये एकरकमी मिळतात, पेन्शन नाही. त्यातली निम्मी रक्कम जवानाच्याच पगारातून कापलेली असते, हेही ध्यानात ठेवा.

दुसरे दार अधिकाऱ्याचे. बारावीनंतर खडकवासल्याच्या प्रबोधिनीची परीक्षा देता येते. २०२२ पासून तिथे मुलीही शिकत आहेत. हे दार श्रीमंतांचेच, असे समजू नका. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ पासून आहे. छत्रपती संभाजीनगरला सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था १९७७ पासून दहावी झालेल्या मुलांना दोन वर्षे तयार करते. मात्र दहावीचा निकाल लागल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. तिथल्या प्रवेशपरीक्षेची चौकशी मुलगा दहावीत असतानाच करावी. शिकलेल्या घरांना हे आधी कळते, आपल्याला उशिरा. खरा फरक पडतो तो इथेच.

म्हणून आईबापांनो, मुलाला अडवू नका आणि ढकलूही नका. त्याला जवळ बसवून विचारा: आवड आहे म्हणून जातोस, की घरची ओढाताण बघवत नाही म्हणून? चार वर्षांनी परत यावे लागले तर पुढे काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर आधी बारावी होऊ द्या. तरीही जायचेच ठरले, तर मुक्त विद्यालयातून बारावी करण्याची अट घाला.

देशसेवेला निघालेला मुलगा घराची शान असतो. पण तो नाइलाजाने नव्हे, सगळे समजून उमजून निघालेला असावा.