दारं धरताना वाचलेली पानं

डिसेंबर 2023. साहित्य अकादमीचा मराठीचा पुरस्कार कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला जाहीर झाला आणि पणदऱ्यातल्या एका जुन्या वाचकानं ती बातमी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. जोडलेले हात आले, फुलं आली. मग एका पोरानं विचारलं, “काका, काय आहे ओ त्यात?”

काकांकडं उत्तर नव्हतं. ‘पानिपत’ चार रात्रींत संपवणारा हा माणूस. आपण शेवटची कादंबरी कधी वाचली, हेही त्याला आठवेना. प्रश्न झोंबला.

शाळेतली वर्षं चटकन सांगून होतात. ‘स्वामी’, ‘मृत्युंजय’, ‘ययाति’ त्या पिढीनं वाचल्या, तशा यानंही वाचल्या. खरा रंग चढला तो विश्वास पाटलांच्या 1988च्या ‘पानिपत’पासून 1998च्या ‘महानायक’पर्यंतच्या दशकात. गावातल्या वाचनालयात तेव्हा दोन लोखंडी कपाटं. पुस्तकांना खाकी कव्हर, शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी. बाबा कदम आणि सुहास शिरवळकर कायम ‘बाहेर’ गेलेले. शिरवळकरांचा वकील अमर विश्वास किंवा गुप्तहेर फिरोज इराणी हाती लागलाच, तर आधीच्या कुणा पुण्यवंतानं पहिल्याच पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं असायचं.

वाचायची जागा म्हणजे शेताचा बांध. नीरा डाव्या कालव्याची पाळी रात्रीची आली की दारं धरायला जायचं. सरी भरेपर्यंत बॅटरीच्या उजेडात दोन पानं व्हायची. माळेगाव कारखान्याचं गाळप सुरू असलं तर हवेत मळीचा वास. ओल्या अंगठ्याचे ठसे पानांवर उमटायचे. वाचनालयात त्यावरून बोलणी खावी लागायची.

पाटलांचीच ‘झाडाझडती’ अशीच वाचली. 1991ची ही कादंबरी, पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमी मिळाली. तिच्यात धरणापायी उठवलेली माणसं होती आणि वाचणाऱ्याचे पाय धरणाच्या पाण्यात. कालवा ब्रिटिशांच्या काळापासून वाहतो, भाटघर आणि वीर धरणांचं पाणी आणतो, हे त्याला शाळेपासून पाठ होतं. ते पाणी कुणाच्या तरी घरावरून आलंय, हे त्या रात्री पहिल्यांदा टोचलं. दार मोडायचं राहून गेलं आणि पाणी शेजाऱ्याच्या उसात शिरलं.

कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना हे वाचन हलकं वाटे. ऐतिहासिक कादंबरी म्हणजे रंजन, शिरवळकर म्हणजे टाइमपास. वाचायची तर ‘कोसला’. यानं ‘कोसला’ही वाचली. आवडलीसुद्धा. पण मुद्दाम त्यांना सांगितलं नाही. पुढे 2013 साली शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’वर सिनेमा निघाला, थिएटरं भरली, पोरं ती कादंबरी शोधत फिरू लागली. ते पाहायला शिरवळकर नव्हते. 2003 सालीच ते गेले. टाइमपास म्हणणाऱ्यांनी तेव्हा तरी दोन शब्द मागे घ्यायला हवे होते, हा राग काकांच्या मनात अजून आहे.

वाचनाच्या त्या दशकानंतरचं सांगण्यासारखं फार नाही. 1999 साली अल्फा मराठी आलं, संध्याकाळ मालिकांकडं गेली. 2016 साली जिओ आलं, उरलेली रात्र गेली. वाचन थांबलं असंही नाही. दिवसाला दोनशे मेसेज वाचून व्हायचे, फक्त सकाळचा दुपारी आठवत नसे. तिकडं वाचनालयाची अभ्यासिका झाली. स्पर्धा परीक्षेच्या पोरांना बसायला टेबलं हवीत, ते रास्तच. पण कादंबऱ्यांची कपाटं त्यासाठी भिंतीकडं तोंड करून उभी करायची काय गरज होती? ‘पानिपत’ आता एका गुणाचा प्रश्न आहे. लेखक कोण, चार पर्याय. बरोबर उत्तरातला माणूस प्रशासकीय सेवेत होता हे पोरांना ठाऊक असतं; सदाशिवरावभाऊंचं पुढं काय होतं, ते कपाटात बंद.

‘रिंगाण’ त्यानं बारामतीहून आणली. पहिले आठ दिवस दोन पानं झाली की हात खिशाकडं जायचा. ओळी तिथंच राहायच्या, डोळे पुढं. मग म्हैस आली. धरणात गाव गेलेला माणूस मागं राहिलेल्या म्हशीला आणायला परत निघतो, आणि ज्याच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत तो वाचक तिथं अडकला. म्हैस हाकेला ओ देईल का, हे कळल्याशिवाय झोप येईना. पुढच्या पाळीला पुस्तक पुन्हा बांधावर गेलं. बॅटरी आता मोबाईलची. इंटरनेट बंद, उजेड चालू.

त्याच रात्री तो पोरगा शेजारच्या रानात पाणी धरत होता. उजेड बघून आला.

“तेच का हे, काका? काय आहे त्यात?”

“एकजण म्हैस आणायला चाललाय.”

पोरगा बांधावर टेकला. “मग? घावली का?”

काकांनी पान दुमडलं. “तुझी सरी भरली बघ. आधी दार मोड.”