खर्जाची वाटणी

बीदर जिल्ह्यातील हुमनाबादजवळचे माणिकनगर हे संगीताला फार मान देणारे संस्थान. श्रीमाणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) मराठीबरोबर कन्नड व हिंदीतही पदे रचली, आणि दत्तजयंतीच्या उत्सवात तेथे आजही गायन-वादन चालते. या सीमाभागात ज्या मराठी घरांतील मुले कन्नड वा इंग्रजी शाळेत जातात, त्यांना अभंग आणि पदे पुस्तकापेक्षा कानांनीच अधिक भेटतात. तेव्हा घरात लावलेल्या पदाचा शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू यावा, ही केवळ हौशी माणसाची चैन म्हणता येणार नाही.

हल्ली जुन्या लहान स्पीकरांच्या जोडीला पुष्कळ घरांत सबवूफर येतो. डग्गा घुमू लागतो, मंडळी खूश होतात. पण चार दिवसांनी ध्यानात येते, की गायकाचे शब्द गढूळच राहिले आहेत. दोष बहुधा सबवूफरचा नसतो. त्याच्यावरील बटण त्याला वरच्या स्वरांत शिरू देत नाही एवढेच. लहान स्पीकरांकडे जाणारा खर्ज ते अडवीत नाही. परिणामी एकच खर्ज दोन्हींकडून वाजतो. शिवाय आवाज तेवढाच ठेवून स्वर एक सप्तक खाली आला, की पडद्याला चौपट हेलकावा घ्यावा लागतो. पाच इंची पडदा असा हेलकावत असतानाच त्याला गायकाची व्यंजनेही उच्चारायची असतात! मग ‘त’ आणि ‘द’ कानाला सारखेच वाटले तर नवल नाही.

यावर उपाय आहे तो काही रुपयांच्या कपॅसिटरचा. कपॅसिटर उंच स्वरांना सहज वाट देतो आणि खालच्यांना उत्तरोत्तर अडवितो. तो प्रीअॅम्प्लिफायरकडून पॉवर अॅम्प्लिफायरकडे जाणाऱ्या वायरीच्या मधल्या तारेत, अॅम्प्लिफायरच्या टोकाजवळ डाख देऊन बसवावा. बाहेरची जाळी अखंड ठेवावी. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखाच कपॅसिटर हवा, आणि तो पॉलिएस्टर वा पॉलिप्रॉपिलीनचा असावा. सबवूफरची वायर मात्र कपॅसिटरच्या आधीच फोडून घ्यावी. नाहीतर त्याचाही खर्ज कापला जाईल आणि सारा खटाटोप व्यर्थ!

किती मायक्रोफॅरडचा घ्यावा, हे अॅम्प्लिफायरच्या ‘इनपुट इम्पीडन्स’वर ठरते, हा आकडा माहितीपुस्तिकेत असतो. तो ४७ किलोओहम् असेल तर ०.०३३ मायक्रोफॅरडने सुमारे १०० हर्ट्झच्या खाली उतार सुरू होतो, ०.०४७ ने सुमारे ७० च्या. दहा किलोओहम् असेल तर ०.१५ मायक्रोफॅरड लागतो. हा उतार सौम्य, सप्तकाला सहा डेसिबलचा. परंतु लहान स्पीकर त्या पट्ट्यात मुळातच दमत असल्याने दोहोंचा मिळून उतार पुरेसा होतो.

ज्यांच्या अॅम्प्लिफायरला मध्ये तोडता येईल असा जोडच नाही, त्यांनी हा नाद सोडलेला बरा. स्पीकरच्याच तारेत कपॅसिटर घालायचा तर आठ ओहम्‌साठी जवळजवळ २०० मायक्रोफॅरड लागतात; आणि स्पीकरचे ओहम् स्वरागणिक बदलत असल्याने हिशेब जुळत नाही तो नाहीच.

वायरी काढताना-घालताना सर्व उपकरणे बंद असावीत. नंतर तानपुरा, डग्गा आणि पुरुषाचा आवाज एकत्र असलेले एखादे ध्वनिमुद्रण लावावे. कपॅसिटरमुळे स्वराची कला थोडी पुढे सरकते, म्हणून सबवूफरवरील ‘फेज’चे बटण दोन्ही बाजूंना फिरवून डग्गा जिथे अधिक भरीव वाटेल तिथे ठेवावे. बीदरकडच्या जांभ्या दगडाच्या जुन्या घरांत खर्ज कोपऱ्यात साचतो. तेथे सबवूफर कोपऱ्यातून दोन हात पुढे ओढून पुन्हा एकदा ऐकावे.