डेटा रूममधला सातबारा

एक कंपनी दुसरी कंपनी विकत घेते तेव्हा वर्तमानपत्रात सौद्याची रक्कम छापून येते. त्याआधीचे कित्येक आठवडे काही तरुण वकील नुसते कागद वाचत असतात. मोठ्या कॉर्पोरेट लॉ फर्ममध्ये नव्याने लागलेल्या वकिलाचं पहिलं वर्ष बहुतेक या वाचनातच जातं. फर्ममध्ये या कामाला ‘हमाली’ म्हणायची पद्धत आहे. मी सुरुवात तिथूनच केली आणि तो शब्द मला कधीच पटला नाही.

आमचं ऑफिस लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत होतं. सनद मिळाली होती, पण कॉर्पोरेट विभागात काळा कोट कपाटातच राहतो. सीनिअरला ‘सर’ न म्हणता नावाने हाक मारायची, हे साताऱ्याहून आलेल्या माझ्या जिभेला बरेच दिवस जमलं नाही. दिवसभराच्या कामाची नोंद सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत करायची, कारण अशिलाचं बिल त्यावर निघतं. या गोष्टी चटकन अंगवळणी पडतात. वाचायला शिकणं मात्र सावकाश होतं.

विकाऊ कंपनीचे सगळे कागद संगणकावरच्या डेटा रूममध्ये ठेवलेले असतात. भागभांडवल, कर्जं, पुरवठ्याचे करार, कामगार, कोर्टकचेऱ्या, जमीन असे फोल्डर, आणि प्रत्येकाच्या पोटात आणखी फोल्डर. शेअर विकले गेले तरी कंपनी तीच राहते आणि तिचे करार चालू राहतात. पण बँकेच्या कर्जकरारात बहुधा लिहिलेलं असतं की मालकी बदलण्याआधी बँकेची लेखी संमती घ्यावी. ते कलम सुटलं, तर सौदा झाल्यावर बँक सगळं कर्ज एकदम परत मागू शकते. म्हणून करार हातात आला की आधी व्याख्यांचं पान वाचायचं, मग त्यानंतरची दुरुस्तीपत्रं शोधायची. मूळ करारात एक लिहिलेलं असतं आणि पाच वर्षांनी झालेल्या दुरुस्तीने ते पार बदललेलं असतं. दुरुस्तीपत्र भलत्याच फोल्डरमध्ये सापडतं, कधी सापडतच नाही. सापडत नाही, हीसुद्धा लिहून ठेवायची गोष्ट असते.

या कामातला सगळ्यात कसदार भाग म्हणजे जमिनीचा फोल्डर, आणि नेमका तोच कोणाला नको असतो. कारखाना चाकणजवळ असेल तर त्याखालची जमीन कधीकाळी खेड तालुक्यातल्या कुणाचं तरी शेत असते. डेटा रूममध्ये आजचा सातबारा असतो. त्यावर कंपनीचं नाव, भोगवटादार वर्ग 1, वापर बिनशेती. दिसायला स्वच्छ. पण सातबारा आजची स्थिती सांगतो. ती कशी आली हे फेरफार सांगतात. उताऱ्यावर फेरफारांचे नुसते क्रमांक असतात. एकेक क्रमांक धरून गाव नमुना 6 मधली मूळ नोंद काढायची आणि मागे मागे जायचं. शिवाय फेरफाराने मालकी मिळत नाही, ती नोंद मुळात महसुलासाठी असते. म्हणून प्रत्येक नोंदीमागचं खरेदीखत किंवा आदेशही पाहावा लागतो. जुन्या नोंदींचा हा शोध, म्हणजे ‘सर्च’, साधारण 30 वर्षांचा घेतात, पण कुळाची जमीन असेल तर तेवढ्यावर थांबून चालत नाही.

कुळकायदा 1948 चा. 1 एप्रिल 1957 या कृषकदिनी जमीन कसणारी कुळं कायद्याने मालक झाली. कलम 32ग खाली किंमत ठरली, ती भरल्यावर 32म चं प्रमाणपत्र मिळालं. मात्र अशी जमीन पुढे विकायची तर कलम 43 खाली जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागत असे. 2014 च्या दुरुस्तीनंतर, खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, 40 पट नजराणा भरून हे बंधन सुटतं, पण तेही अटी पाळूनच. आता समजा, कंपनीने नव्वदच्या दशकात अशा कुळाच्या वारसांकडून जमीन घेतली. तेव्हा परवानगी काढली होती का? नसेल, तर कलम 84क खाली तो व्यवहार बेकायदा ठरून जमीन सरकारजमा होण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. आजच्या उताऱ्यावर यातलं काहीच दिसत नाही. जुन्या सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात मात्र तलाठ्याच्या हाताने लिहिलेलं असतं: ‘कु.का.क. 43 ला पात्र’.

हे मला आमच्या सर्च क्लार्कने शिकवलं. सगळे त्यांना काका म्हणत. राजगुरुनगरच्या दुय्यम निबंधक कार्यालयात सूची क्रमांक 2 ची पुस्तकं चाळणं, तहसीलच्या अभिलेख कक्षातून नकला काढणं हे त्यांचं काम. मी हट्टाने त्यांच्याबरोबर जाऊ लागले.

“मॅडम, आधी क्षेत्र जुळवा,” ते म्हणत. “नाव मागनं बघू.”

जुन्या नोंदी एकर-गुंठ्यांत आणि नव्या हेक्टर-आरमध्ये. एक गुंठा म्हणजे 101 चौरस मीटरहून थोडा जास्त, एक आर म्हणजे 100. दोन्ही इतके जवळ की घाईत नजर फसते. पण चाळीस गुंठ्यांचा एकर होतो आणि शंभर आरचा हेक्टर. तिथे बेरीज बिघडली की एखादा हिस्सेदार कुठे गळला हे कळतं. वारसांच्या नोंदीत काका बहिणींची नावं बोट ठेवून मोजायचे. भावांनी विकली आणि बहिणींच्या सह्या नाहीत, तर दावा कधीही उभा राहू शकतो.

करार वाचण्याचं काम यंत्रंही करू लागली आहेत. 2017 मध्ये सिरिल अमरचंद मंगलदास या फर्मने करार वाचणारी ‘किरा’ ही कॅनडातली संगणकप्रणाली घेतली. आता अशी साधनं आणखी हुशार झाली आहेत आणि इंग्रजी करारातली ठरावीक कलमं ती माणसापेक्षा भरभर काढतात. ती जरूर वापरावीत. पण जे तहसीलच्या कपाटातून कोणी आणलेलंच नाही, ते संगणक कसं वाचणार? नव्या वकिलाला पहिल्या वर्षीच सर्च क्लार्कसोबत तालुक्याला धाडायला हवं. या तपासणीच्या ज्या अहवालावर फर्मचे भागीदार सही करतात, त्यात सर्च क्लार्कचं नावही छापायला हवं. आज ते कुठेच नसतं.

अहवालात जमिनीच्या या सगळ्या शोधाचा एक परिच्छेद होतो: अमुक गट नंबर, अमुक फेरफार, कलम 43 ची परवानगी उपलब्ध नाही. त्यावरून बैठक बसते. विक्रेत्याचे वकील म्हणतात, एवढ्या वर्षांत कोणी विचारलं नाही. आमचे भागीदार म्हणतात, आम्ही विचारतो आहोत. मग शेअरखरेदी करारात पूर्वअट येते: विक्रेत्याने परवानगीचा आदेश शोधून द्यावा किंवा व्यवहार नियमित करून आणावा, आणि तोवर किमतीचा काही भाग त्रयस्थाकडच्या एस्क्रो खात्यात राहील. त्या अटीचा पहिला मसुदा मी लिहिला होता. भागीदारांनी त्यात गट नंबराच्या पुढे तेवढं क्षेत्र घालायला सांगितलं, हेक्टर-आरमध्ये आणि एकर-गुंठ्यांतही.