सीताफळाचे डोळे उघडतात तेव्हा

अंगणात सीताफळ असलेल्या घरांतून होळीनंतर हमखास एक वाद होतो. झाडावर पान उरलेलं नसतं, नुसत्या करड्या काटक्या दिसतात. "वाळलं बघा. तोडून टाकू, धुणं वाळत घालायला जागा होईल," असं कुणीतरी म्हणतंच. मैत्रिणींनो, कुऱ्हाड लपवून ठेवा! नखानं साल जरा खरवडून पाहा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे, विसावा घेतंय एवढंच. थंडी सरता सरता पानं गाळायची आणि उन्हाळा झोपून काढायचा, ही त्याची रीतच आहे. त्या दिवसांत रोज बादलीभर पाणी ओतू नका. वाळक्या, एकमेकींत गुंतलेल्या फांद्या काढायच्या असतील तर मात्र तेव्हाच काढाव्यात.

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरांवर हे झाड टिकलं ते याच स्वभावामुळे. धारूर, अंबाजोगाईकडच्या खडकाळ उतारांवर त्याला पाणी घालायला कोण जाणार? शेळ्यासुद्धा त्याच्या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत. मूळचं हे झाड अमेरिकेकडचं, पण इथं असं रुळलं की नाव मिळालं सीतामाईचं! २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. अंबाजोगाईला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे; 'धारूर-६' हे मोठ्या फळाचं वाण तिथलंच.

वळवाच्या सरी पडल्या की काटक्यांना कोवळी पालवी फुटते आणि तिच्याबरोबरच फुलं येतात. ती शोधावी लागतात, कारण रंग पानासारखाच हिरवट. तीन जाड पाकळ्या, तोंड खाली. वैशाखातली बरीच फुलं उन्हानं गळून जातात. जीव खाली-वर करू नका. मृगानंतर हवेत ओलावा आला की फळं धरू लागतात. गंमत अशी, की फुलातला स्त्रीभाग आधी तयार होतो आणि पराग मागाहून मोकळे होतात. म्हणून एका फुलातला पराग दुसऱ्या फुलात पोचवायला बारीकसे भुंगेरे लागतात. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारलंत तर हेच मदतनीस मरतात.

फूल ते फळ जवळजवळ चार महिने. श्रावणात फळ सुपारीएवढं असो की लिंबाएवढं, त्याचे डोळे घट्ट मिटलेले असतात. भाद्रपद-आश्विनात ते फुगतात, एकमेकांपासून सुटतात आणि मधल्या फटी पिवळसर दिसू लागतात. डोळे उघडले की फळ तोडायला झालं.

बाजारात घेतानाही हीच खूण पाहा. डोळे मिटलेलं फळ कितीही दिवस तांदळात पुरून ठेवा, ते काळं पडून दगडासारखं होतं. अशी कच्ची फळं बाजारात येतात त्याला कारण आहे. डोंगरावरचं झाड अनेकदा कुणा एकाचं नसतं. आज सोडलं तर उद्या दुसरा तोडतो. त्यात दसरा-दिवाळीच्या सुमाराला या भागातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला निघतात. निघण्याआधी टोपलीभर फळं विकून चार पैसे गाठीला बांधायचे असतात. तेव्हा पाटीवाल्या बाईशी हुज्जत घालण्यापेक्षा उघड्या डोळ्यांची फळं निवडून घ्या आणि त्यांचा वाजवी भाव द्या.

तयार फळ घरात तीन-चार दिवसांत पिकतं. पिकण्याआधी फ्रीजमध्ये ठेवू नये, साल काळी पडते आणि फळ नीट पिकत नाही. बासुंदी करायची तर दूध आटवून पूर्ण गार होऊ द्यावं, मगच गर घालावा. गर शिजला की कडवट होतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

गर काढताना तो बियांसकट मिक्सरमध्ये घालू नका, चाळणीवर हातानं चोळून घ्या. अख्खी बी चुकून गिळली तर सहसा तशीच बाहेर पडते, पण फुटलेली बी विषारी असते. उवांसाठी बियांची पूड डोक्याला लावायची पद्धत अजूनही काही घरांत आहे. ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा सोलवटतो, असह्य वेदना होतात. लेकीच्या केसांना ती लावूच नका. चुकून डोळ्यात गेलीच तर स्वच्छ पाण्यानं डोळा बराच वेळ धुवा आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.