वस्तुदान, पुनर्वसन आणि हक्क : विकसनशील देशांतील अपंगसेवी संस्थांच्या कार्यपद्धतीचा विचार

प्रास्ताविक

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे १३० कोटी व्यक्तींना, म्हणजेच दर सहा व्यक्तींमागे एका व्यक्तीला, लक्षणीय स्वरूपाचे अपंगत्व आहे. यांपैकी बहुसंख्य व्यक्ती विकसनशील देशांत राहतात. त्याच वर्षी या संघटनेने युनिसेफच्या सहकार्याने सहायक साधनांविषयी एक स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. चष्मा, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची, कृत्रिम अवयव यांसारखी साधने उच्च उत्पन्नाच्या काही देशांत गरजूंपैकी सुमारे ९० टक्के लोकांपर्यंत पोहोचतात, तर अल्प उत्पन्नाच्या काही देशांत हे प्रमाण अवघे ३ टक्के आहे, असे त्यात नमूद केले आहे. विकसनशील देशांतील अपंगत्वाचा प्रश्न हा केवळ वैद्यकीय प्रश्न नसून साधने व सेवा यांच्या विषम वाटपाचा प्रश्न आहे, हे यावरून स्पष्ट होते.

ही उणीव भरून काढण्याचे दायित्व प्रामुख्याने शासनाचे असले तरी अनेक देशांत हे काम प्रथम हाती घेतले ते धर्मादाय व स्वयंसेवी संस्थांनी. या संस्थांच्या कार्याचा परिचय करून देताना किती पाय बसविले, किती खुर्च्या वाटल्या, किती शिबिरे घेतली, असे आकडे सामान्यतः पुढे केले जातात. संस्थेने काय दिले एवढेच पाहणे मात्र पुरेसे नाही. दिल्यानंतर त्या व्यक्तीच्या जीवनात काय घडले, ही तिच्या कार्याची खरी कसोटी होय. प्रस्तुत लेखात जयपूर, बांगलादेशातील सावार आणि कोल्हापूर येथील तीन संस्थांच्या आधारे या कसोटीचा विचार केला आहे. (२०१६ पासून भारतात शासकीय व्यवहारात 'दिव्यांग' ही संज्ञा रूढ झाली आहे. विवेचनातील बराचसा भाग त्यापूर्वीच्या काळाशी निगडित असल्याने येथे 'अपंग' हा शब्द योजला आहे.)

जयपूर फूट : लोकजीवनाशी सुसंगत साधन

पाश्चात्य पद्धतीचा कृत्रिम पाय हा बूट घालून सपाट जमिनीवर चालणाऱ्या व खुर्चीवर बसणाऱ्या व्यक्तीसाठी तयार झाला होता. त्याचा घोटा ताठ असे. भारतीय शेतकऱ्याला चिखलात अनवाणी चालावे लागते, उकिडवे बसावे लागते, मांडी घालून जेवावे लागते. त्यामुळे रुग्णालयातून मिळालेला पाय अनेक जण घरी गेल्यावर वापरीत नसत. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातील अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने १९६८ च्या सुमारास यावर उपाय शोधला. रबर, लाकूड व टायरमधील दोरा यांचे थर साच्यात घालून उष्णतेने एकजीव केलेला हा पाय सर्व दिशांना लवचिकपणे वळत असे. तो पाण्यात खराब होत नसे आणि त्यावर बूट चढविण्याचीही गरज नसे. या पायाचे पेटंट घेण्यात आले नाही, त्यामुळे तो कोणालाही तयार करता आला. डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार प्राप्त झाला.

तथापि, साधन तयार झाले म्हणजे ते गरजूंपर्यंत पोहोचते असे नाही. प्रारंभीच्या काही वर्षांत या पायाचा लाभ मोजक्याच व्यक्तींना मिळाला. १९७५ मध्ये प्रशासकीय सेवेतील अधिकारी डी. आर. मेहता यांनी 'भगवान महावीर विकलांग सहायता समिती' स्थापन केली आणि हे चित्र पालटले. त्यापूर्वी एका अपघातात मेहता यांच्याच पायाला गंभीर इजा झाली होती. दूरवरच्या खेड्यातून येणाऱ्या रुग्णास कोणत्याही वेळी दाखल करून घेणे, त्याच्या निवासाची व भोजनाची विनामूल्य सोय करणे आणि शक्य तितक्या कमी काळात पाय बसवून त्यास घरी पाठविणे, ही समितीची कार्यपद्धती होती. ज्याची रोजची मजुरी बुडते त्याच्यासाठी या पद्धतीचे मोल मोठे होते. पुढे आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिका या खंडांतील अनेक देशांत समितीने शिबिरे घेतली. समितीच्या नोंदीनुसार कृत्रिम अवयव, कॅलिपर, कुबड्या, तीनचाकी सायकली इत्यादींचा लाभ घेणाऱ्यांची एकूण संख्या वीस लाखांहून अधिक आहे.

शिबिरानंतरचा प्रश्न

या कार्याचे मोठेपण मान्य करूनच त्याच्या मर्यादांचा विचार करावयास हवा. कृत्रिम पायाचे यश केवळ पावलावर अवलंबून नसते. उरलेला पाय ज्या खोबणीत बसतो ती खोबण किती अचूक आहे, यावर ते अधिक अवलंबून असते. शस्त्रक्रियेनंतरच्या काळात उरलेल्या पायाचा आकार कमी होत जातो. त्यामुळे खोबण सैल होते, त्वचा घासली जाते, जखमा होतात आणि अखेरीस पाय कोपऱ्यात पडून राहतो. वाढत्या वयाच्या मुलास तर वारंवार नवा पाय लागतो. होंडुरास, युगांडा व भारत या तीन देशांत जयपूर पद्धतीचा पाय वापरणाऱ्यांची पाहणी करण्यात आली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत खोबणीची जुळणी व कारागिरी यांतील दोषांकडे लक्ष वेधले गेले. शिबिरात आलेला कारागीर दुसऱ्या दिवशी निघून जातो. खोबण सैल झाल्यावर जावे कोठे, या प्रश्नाचे उत्तर गावात राहणाऱ्या व्यक्तीजवळ नसते.

दान म्हणून मिळणाऱ्या चाकाच्या खुर्च्यांबाबतही हेच दिसून येते. रुग्णालयात रुग्णास एका कक्षातून दुसऱ्या कक्षात नेण्यासाठी बनविलेली खुर्ची गावातील खडबडीत वाटेवर चालत नाही. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या व्यक्तीस शरीराच्या खालच्या भागात संवेदना नसते. योग्य उशी नसलेल्या, मापात न बसणाऱ्या खुर्चीवर ती दिवसभर बसली तर तिला दाबव्रण होतात आणि असे व्रण चिघळून प्राणघातक ठरू शकतात. म्हणजेच सद्हेतूने दिलेली वस्तू अपायकारकही ठरू शकते. याच कारणास्तव जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये अल्पसाधन प्रदेशांतील चाकाच्या खुर्च्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. मापे घेणे, योग्य खुर्ची निवडणे, ती बसवून पाहणे, वापराचे शिक्षण देणे आणि नंतर देखभाल करणे या सर्व गोष्टी खुर्चीइतक्याच आवश्यक मानण्यात आल्या.

मग संस्था वाटपावरच भर का देतात? याचे उत्तर बहुतांशी देणगीच्या अर्थकारणात आहे. वाटलेल्या वस्तूची मोजदाद करता येते, तिचे छायाचित्र घेता येते, तिच्यावर देणगीदाराचे नाव लिहिता येते. दोन वर्षांनंतर केलेल्या दुरुस्तीला किंवा तंत्रज्ञाच्या मासिक वेतनाला असे दृश्यरूप नसते. परिणामी, ज्या खर्चावर साधनाची उपयुक्तता टिकून राहते त्याच खर्चासाठी निधी मिळणे सर्वांत कठीण असते.

सावार : पुनर्वसनाची अखंड साखळी

या प्रश्नाला वेगळे उत्तर देणारी संस्था म्हणून बांगलादेशातील 'सेंटर फॉर द रिहॅबिलिटेशन ऑफ द पॅरालाइज्ड' या केंद्राचा उल्लेख करता येईल. ब्रिटिश भौतिकोपचारतज्ज्ञ व्हॅलेरी टेलर १९६९ मध्ये स्वयंसेविका म्हणून तत्कालीन पूर्व पाकिस्तानात आल्या. १९७९ मध्ये ढाक्यातील एका शासकीय रुग्णालयाच्या वापरात नसलेल्या गोदामवजा खोल्यांत चार रुग्णांसह त्यांनी हे केंद्र सुरू केले. १९९० मध्ये ते ढाक्याजवळील सावार येथे स्थलांतरित झाले. झाडावरून पडून किंवा डोक्यावर जड ओझे असताना तोल जाऊन पाठीच्या कण्याला इजा झालेले अनेक श्रमिक येथे येतात. कुटुंबातील कमावता माणूस अंथरुणाला खिळला की सारे कुटुंबच दारिद्र्यात ढकलले जाते.

या केंद्रातील उपचारांची रचना लक्षणीय आहे. शस्त्रक्रिया व शुश्रूषा, त्यानंतर भौतिकोपचार व व्यवसायोपचार, त्यानंतर व्यवसायशिक्षण अशा क्रमाने रुग्ण पुढे जातो. चाकाच्या खुर्च्या केंद्राच्या कार्यशाळेतच तयार होतात. घरी परतण्यापूर्वी त्यास घरासारख्या वातावरणाच्या वसतिगृहात काही काळ राहून दैनंदिन व्यवहारांचा सराव करावा लागतो. दाबव्रण कसे टाळावेत, मूत्रमार्गाचा संसर्ग कसा रोखावा, याचे शिक्षण रुग्णास व त्याच्या नातेवाइकांस दिले जाते. १९९२ मध्ये केंद्राने आरोग्य व्यवसायांचे शिक्षण देणारी स्वतःची संस्था सुरू केली. त्यामुळे परदेशी तज्ज्ञांवरील अवलंबन कमी होऊन देशातच प्रशिक्षित मनुष्यबळ निर्माण होऊ लागले. २४ एप्रिल २०१३ रोजी सावार येथील राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक कामगारांचा मृत्यू झाला. त्या वेळी जखमींच्या उपचारात व पुनर्वसनात या केंद्राला मोठा वाटा उचलता आला, कारण त्यासाठी लागणारी माणसे व कौशल्ये तेथे आधीच उभी राहिली होती.

अर्थात या पद्धतीलाही मर्यादा आहेत. ती खर्चिक व संथ आहे, आणि एका रुग्णासाठी कित्येक महिने द्यावे लागतात. विस्तार आणि सखोलता यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न जयपूर व सावार या दोन्ही ठिकाणी वेगवेगळ्या रूपांत उभा राहतो.

कोल्हापूर : लाभार्थी ते नेतृत्व

जयपूर व सावार येथील कार्यात सेवा देणारा व घेणारा हे प्रामुख्याने भिन्न आहेत. कोल्हापूरच्या 'हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड' या संस्थेत ही सीमारेषा पुसट होते. संस्थापक नसीमा हुरजूक यांना किशोरवयातच कमरेखालील भागाचे अपंगत्व आले. स्वतः अपंग असूनही उद्योग सांभाळणाऱ्या बाबूकाका दिवाण यांच्या भेटीतून त्यांना प्रेरणा मिळाली. शासकीय नोकरी करीत असतानाच त्यांनी अपंगांसाठी काम सुरू केले आणि १९८४ मध्ये ही संस्था स्थापन केली. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचे आत्मकथन मराठी वाचकांस परिचित आहे.

वसतिगृह, शिक्षण, साधननिर्मिती व रोजगार या गोष्टी संस्थेने एकत्र आणल्या. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील काजूप्रक्रियेसारख्या उद्योगातून अपंग व्यक्तींना कमाईचे साधन मिळाले. ज्याला उंबरा ओलांडता येत नाही त्याच्या दृष्टीने उताराचा मार्ग व रुंद दरवाजा यांचे महत्त्व काय असते, हे स्वानुभवाने जाणणारी व्यक्ती निर्णयप्रक्रियेत असल्यास नियोजनच बदलते. 'आमच्याविषयीचा कोणताही निर्णय आमच्याशिवाय नको' या अपंग चळवळीच्या जागतिक घोषणेचा व्यावहारिक अर्थ हाच आहे.

कायद्याने बदललेली भूमिका

१३ डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार संमत केला. भारत व बांगलादेश या दोन्ही देशांनी २००७ मध्येच त्यास अनुसमर्थन दिले. व्यक्तीची गतिशीलता व पुनर्वसन ही या कराराने दयेची बाब न ठेवता राज्याचे कर्तव्य ठरविली. तसेच धोरणे आखताना अपंग व्यक्तींच्या संघटनांचा विचार घेणे बंधनकारक केले. भारतात १९९५ च्या कायद्याची जागा २०१६ च्या 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमा'ने घेतली. मान्यताप्राप्त अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. लक्षणीय अपंगत्व असणाऱ्या व्यक्तींसाठी शासकीय नोकऱ्यांत किमान ४ टक्के, तर शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव ठेवण्यात आल्या.

यामुळे स्वयंसेवी संस्थांची गरज संपली असे नाही, परंतु त्यांची भूमिका बदलली. शासनाच्या उणिवा दानाने झाकणे हे आता त्यांचे काम राहिलेले नाही. नव्या पद्धती सिद्ध करणे, मनुष्यबळ घडविणे आणि शासनाला त्याच्या कर्तव्याची जाणीव करून देणे, हे त्यांचे कार्य ठरते. संस्था उत्तम चालते म्हणून शासन निश्चिंत राहते, असे झाल्यास ती संस्था बंद पडताच अपंग व्यक्ती पुन्हा निराधार होते.

समारोप

जयपूरने साधन लोकजीवनाशी जुळवून घेतले व ते विनामूल्य दूरवर पोहोचविले. सावारने साधनाभोवती सेवेची साखळी उभारली. कोल्हापूरने अपंग व्यक्तीला निर्णयाच्या स्थानी आणले. ही तीन कार्ये परस्परांना पर्याय नसून पूरक आहेत. त्यांतील एखादे वगळले तर उरलेल्यांचे फळ अपुरे राहते.

महाविद्यालयांच्या दृष्टीनेही या विवेचनाला महत्त्व आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या वा अन्य उपक्रमांतून साधनवाटपाची शिबिरे आयोजित होतात, त्यासाठी निधीही जमविला जातो. अशा वेळी संबंधित संस्थेला काही साधे प्रश्न विचारणे आवश्यक आहे. मापे कोण घेणार? दुरुस्ती कोठे होणार? वर्षभरानंतर साधन वापरात आहे की नाही हे कोण पाहणार? संस्थेच्या कार्यकारिणीत अपंग व्यक्ती आहेत काय? याच बरोबर, ५ टक्के राखीव जागांवर प्रवेश घेणारा विद्यार्थी पहिल्या मजल्यावरील वर्गात, ग्रंथालयात व स्वच्छतागृहात स्वतःच्या बळावर पोहोचू शकतो काय, हा प्रश्न प्रत्येक महाविद्यालयाने स्वतःला विचारावयास हवा. अन्यथा शिबिरात दिलेली चाकाची खुर्ची महाविद्यालयाच्या पहिल्याच पायरीशी थांबून राहील.